गोफणीच्या गांठी

रब्बी ज्वारी निसवून कणसांत चीक भरूं लागला, म्हणजे तेथून दाणा टणक होईपर्यंतचे तीन-चार आठवडे राखणीचे. नांगरट, कुळवणी, पेरणी, कोळपणी हीं सारीं कामें आटोपलेलीं असतात, पैसा जमिनींत घातलेला असतो, आणि ऐन या वेळीं चिमण्या, राघू व भोरड्या यांचे थवे सूर्योदयानंतर दोन-तीन तास व पुन्हां मावळतीपूर्वीं शिवारावर उतरतात. चिकांतला दाणा पांखरूं खातें त्याहून फोडून टाकतें अधिक. आणि फुटक्या दाण्यावर दंव पडून बुरशी चढते ती वेगळीच. गांवांत ज्याचें शेत इतरांच्या आधीं किंवा इतरांच्या मागून भरतें, त्याच्या कणसांवर साऱ्या शिवारांतील पांखरांचा भार पडतो, हें अनुभवी कुणब्यास सांगावयास नको. तुकडा लहान असेल तर आठ दिवसांच्या हयगयींत पिकाचा मोठा हिस्सा हातचा जातो.

यावर उपाय पुष्कळ निघाले आहेत. चकाकत्या फिती आहेत, जाळीं आहेत, आवाज काढणारीं यंत्रें आहेत. जाळें द्राक्षाच्या बागेस परवडतें, ज्वारीच्या दहा एकरांस परवडत नाहीं. आणि बुजगावणें चार दिवसांत ओळखीचें होऊन पांचव्या दिवशीं चिमणी त्याच्या डोक्यावर बसते. माळ्यावरच्या गोफणीची गोष्ट निराळी. तिच्यामागें माणूस असतो, आणि गोळा केव्हां व कोणीकडे येईल याचा पांखरांस अंदाज लागत नाहीं. पण गोफण बाजारांतून आयती नायलॉनची आणावी, ती पहिल्याच हंगामांत उसवावी किंवा भलतीकडे धोंडे फेंकूं लागावी, आणि मग गोफणींत आतां कांहीं अर्थ राहिला नाहीं असें म्हणून ती खुंटीस टांगावी, असा प्रकार अलीकडे फार दिसतो. हा दोष गोफणीचा नव्हे, तिच्या गांठींचा आहे. आणि त्या गांठींविषयींच या लेखांत लिहावयाचें आहे.

गोफण म्हणजे दोन दोऱ्या आणि त्यांच्यामधली झोळी. एका दोरीच्या टोंकास फासा असतो, तो बोटांत अडकवून ठेवावयाचा. हिला आपण बांधी दोरी म्हणूं. दुसरीच्या टोंकास गांठ असते, ती अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत धरावयाची व योग्य क्षणीं सोडावयाची. ही सुटी दोरी. एवढ्यावरून ध्यानांत येईल कीं दोन टोंकांकडून अगदीं उलट कामाची अपेक्षा आहे. बांधी दोरीचा फासा दिवसभरांत एकदांही सरकतां कामा नये, आणि सुट्या दोरीची गांठ प्रत्येक फेंकीस, त्याच क्षणीं, न अडखळतां बोटांतून निघाली पाहिजे. पहिली चुकली तर गोफण हातांतून जाते; दुसरी चुकली तर गोळा मागें, आकाशांत किंवा शेजारच्या माळ्यावर जातो. माळ्याखालीं लेंकरूं खेळत असेल किंवा बांधावर बैल बांधलेला असेल, तर याचा अर्थ काय हें उघड आहे.

दोरीवर पडणारा ताण किती असतो याची कल्पना बहुतेकांस नसते. ६० ग्रॅम वजनाचा, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा गोळा सुमारें एक मीटर त्रिज्येच्या फेऱ्यांत सेकंदास २५ मीटर वेगानें फिरविला, तर तो दोरीस पावणेचार किलो वजनाइतक्या जोरानें ओढतो. म्हणजे आपल्या वजनाच्या साठपटीहून अधिक. हा ताण एका सकाळींत शेंकडों वेळां येतो व जातो. त्यांतून दोरीला जेथें साधी गांठ मारलेली असते तेथें तिचें बळ सुमारें निम्म्यावर येतें, कारण गांठींतल्या आंखूड वळणावर बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात व आंतले नुसते दबून राहतात. दोरी तुटते ती बहुधा गांठीच्या तोंडाशीं तुटते, याचें कारण हेंच. म्हणून ज्या गोफणींत गांठी कमी ती गोफण बरी, हें पहिलें सूत्र समजावें. जेथें गांठीवांचून भागतें तेथें गांठ मारूं नये, आणि जेथें भागत नाहीं तेथें ज्या कामाला जी गांठ तीच मारावी.

प्रथम वाखाचा विचार करूं. अंबाडीचा किंवा तागाचा वाख आपल्या घरचाच; कुजवून, झोडपून, धुऊन वाळविलेला, पांढरट व लांब तंतूचा असावा. या वाखाची दोरी अंगानें खरबरीत असते, म्हणून तिच्यांत गांठ धरून राहते. घायपाताचा वाख बळकट खरा, पण ताठ. त्याच्या कुसळांनीं चिमटीची कातडी सोलते, तेव्हां तो बांध्या दोरीस चालेल, सुट्या दोरीस नको. सुताची दोरी हाताला मऊ व विणावयास सोपी; लहान मुलांच्या हातीं द्यावयाच्या गोफणीस ती चांगली. नायलॉनची दोरी तुटत नाहीं हें खरें, परंतु ती गुळगुळीत असल्यामुळें तिच्यांतली गांठ झटक्याझटक्यानें सैल पडत जाते, शिवाय ती ताणली कीं लांबते, त्यामुळें दोन दोऱ्यांची जुळवलेली लांबी कायम राहत नाहीं. तीच वापरावयाची झाल्यास प्रत्येक गांठीचें टोंक चार बोटें लांब सोडावें, आणि टोंक जाळून जो कडक मणी होतो तो चिमटीच्या जागीं येऊं देऊं नये. त्यानें बोट कापतें. खताच्या पोत्यांची प्लॅस्टिक सुतळी मात्र मुळींच घेऊं नये. उन्हानें ती एका हंगामांत पिठासारखी झडते, आणि ती झडली आहे हें तुटेपर्यंत कळत नाहीं.

येथें ओलाव्याचा एक गुण लक्षांत ठेवण्याजोगा आहे. वाखाची दोरी भिजली कीं फुगते व लांबीनें आंखडते. म्हणून कोरड्या दोरींत मारलेली गांठ पौषांतल्या दंवानें घट्ट होते. पण ओल्या दोरींत मारलेली गांठ दुपारच्या उन्हांत दोरी बारीक झाल्यावर सैल पडते. चामड्याच्या वादीचें याच्या उलट. वादी भिजवून बांधावी, म्हणजे वाळतांना ती आवळत जाते. वाख कोरडा बांधावा व चामडें ओलें बांधावें, एवढें घरांतल्या मुलांस सांगून ठेवलें तरी निम्म्या गोफणी टिकतील.

दोरी वळावी कीं विणावी, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. वळलेल्या दोरीस पीळ असतो, आणि ताण पडला कीं पीळ उलगडूं पाहतो. कासऱ्यास किंवा दाव्यास त्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण गोफणींत त्यामुळें झोळी स्वतःभोंवतीं फिरते, कलते आणि गोळा वाटेंतच गळतो. वेणीमध्यें एक पेड एका अंगास व दुसरा दुसऱ्या अंगास जात असल्यामुळें पिळाचा जोर आपोआप फिटतो. म्हणून गोफण विणलेलीच असावी. हें ज्ञान फार जुनें आहे. इजिप्तमध्यें १९२२ सालीं उघडलेल्या तूतनखामेन राजाच्या कबरींत ज्या गोफणी मिळाल्या त्या जवसाच्या धाग्याच्या व विणलेल्याच होत्या, आणि तो राजा होऊन तेहतीसशें वर्षें झालीं. पेरू व बोलिव्हिया या देशांतील डोंगरी मेंढपाळ आपले लामा व मेंढ्या वळविण्यास लोकरीच्या वेणीच्या गोफणी वापरतात. त्यांच्या केचुआ भाषेंत तिला वराका म्हणतात. इतक्या दूर दूर राहणाऱ्या लोकांनीं एकमेकांस न विचारतां वेणीच पसंत केली, हें विसरूं नये.

आतां एकसंध गोफण विणण्याची रीत सांगतों. हिच्यांत फाशाला गांठ लागत नाहीं, झोळीलाही लागत नाहीं. साऱ्या गोफणींत गांठ एकच, ती सुट्या टोंकाची.

वाखाचे सारख्या जाडीचे तीन पेड घ्यावेत, प्रत्येक १६ फूट लांब. पेड हलका पीळ दिलेले असावेत व सहाही अर्धें एकत्र विणल्यावर दोरी करंगळीच्या निम्म्या जाडीची व्हावी, या बेतानें ते बारीक ठेवावेत. तिन्ही पेडांचा मध्य धरून तेथें फक्त पांच बोटें लांबीची साधी तीनपेडी वेणी घालावी. ती वेणी मधोमध दुमडावी. दुमडीचा जो डोळा झाला तोच बोटांत घालावयाचा फासा. आतां खालीं सहा टोंकें लोंबत असतील. एका बाजूचें एक व दुसऱ्या बाजूचें एक अशा त्यांच्या तीन जोड्या लावाव्यात, व प्रत्येक जोडीस एक पेड समजून पुन्हां तीनपेडी वेणी घट्ट घालीत जावें. फाशाचा डोळा मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेऱ्यावरून थोडा अडखळत जाईल एवढाच असावा; सैल झाला तर सुट्या दोरीबरोबर बांधी दोरीही हातांतून निघेल. विणण्यापूर्वीं डोळा बोटांत घालून पाहावा, कारण मागून तो लहानमोठा करतां येत नाहीं.

अडीच फूट दोरी विणून झाली कीं झोळीची जागा आली. येथें सहा पेडांचे तीन व तीन असे दोन वांटे करावेत, आणि प्रत्येक वांट्याची निराळी तीनपेडी वेणी सात इंच घालावी. दोन्हींची लांबी केसभरही कमीजास्त नसावी. एक लांब राहिली तर झोळी एका कुशीवर पडते. सात इंच झाल्यावर सहाही पेड पुन्हां एकत्र आणून पूर्वींसारख्या जोड्या लावाव्यात व दुसरी दोरी अडीच फुटांहून वीतभर अधिक विणावी. हें अधिक विणणें सुट्या गांठीसाठीं व जुळवणीसाठीं आहे. विणींत पेडांची लांबी खाल्ली जाते, म्हणून वर १६ फूट सांगितले. त्यांत कंजुषी केल्यास शेवटीं दोरी तोकडी पडते आणि मग जोड द्यावा लागतो.

दोन फांकींची ही झोळी गोळ्याला दोन्ही अंगांनीं धरते व तो सुटतांना तितक्याच झटपट सोडते. तिच्यांत बारीक खडा मावत नाहीं, तो फटींतून पडतो. परंतु राखणीच्या गोळ्यास ती उत्तम. जेथें वेणी दुभंगते आणि जेथें पुन्हां मिळते, त्या दोन सांध्यांवर मात्र वाखाचा सारा ओढा येतो व वीण तेथें फांकत जाते. तेथें गांठ मारूं नये, वेढ्यांची बांधणी करावी. ती अशी: मेण चोळलेलें जाड सूत घेऊन त्याची तीन बोटें लांबीची दुमड दोरीवर उभी ठेवावी. मग लांब टोंकानें दोरी व दुमड दोन्हींवर एकाशेजारीं एक असे आठ-दहा घट्ट वेढे दुमडीच्या डोळ्याकडे सरकत घ्यावेत. शेवटच्या वेढ्यानंतर तें टोंक दुमडीच्या डोळ्यांतून घालावें, आणि दुसरें, आंखूड टोंक ओढावें, म्हणजे डोळा वेढ्यांखालीं शिरतो. तो निम्म्यावर शिरला कीं थांबून दोन्ही टोंकें कापून टाकावींत. पाहणारास गांठ कोठें आहे हें दिसत नाहीं, आणि खरोखर ती नाहींच. चाबकाच्या मुठीस किंवा विळ्याच्या दांड्यासही हीच बांधणी टिकाऊ होते.

आतां सुट्या टोंकाची गांठ. साऱ्या गोफणींत हीच एक गांठ, आणि हिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलें जातें. ही गांठ चिमटींत कशी बसते यावर गोळा केव्हां सुटेल तें ठरतें. गांठ फार मोठी झाली तर ती अंगठ्याच्या पेऱ्यावर अडकते, सोडतां सोडतां क्षणभर रेंगाळते, आणि गोळा नेमाच्या पलीकडे वळून जमिनींत आदळतो. फार लहान झाली तर ताण वाढतांच ती चिमटींतून आपली आपण निसटते आणि गोळा वेळेआधीं सुटून भलत्या दिशेस जातो. वाटाण्याएवढी गांठ बहुतेक हातांस बेताची पडते. साध्या एकेरी गांठीनें ती फार बारीक होत असेल, तर टोंक वेढ्यांतून एकदां घालण्याऐवजीं दोनदां गुंडाळून घालावें, म्हणजे लांबट, भरीव गांठ होते व चिमटीला चांगली लागते. गांठीपुढें दोन बोटें टोंक राहूं द्यावें. अगदीं गांठीशीं कापलेलें टोंक दोन दिवसांत आंत शिरतें व गांठ उकलते.

परंतु ही गांठ पहिल्याच दिवशीं कायमची मारावयाची नाहीं. नवी वेणी पहिल्या चाळीस-पन्नास फेंकींत ताणून बसते, आणि दोन्ही दोऱ्या सारख्या ताणतातच असें नाहीं. म्हणून आरंभीं सुरगांठ द्यावी. दोरीचा वेढा करून त्यांतून टोंक न घालतां टोंकाकडील दोरीची दुमड ओढून घेतली म्हणजे सुरगांठ होते. नुसतें टोंक खेंचलें कीं ती मोकळी. फासा मधल्या बोटाच्या मुळाशीं घालून व गांठ चिमटींत धरून झोळींत गोळा ठेवावा, हात पुढें करून गोफण लोंबती सोडावी, आणि पाहावें. झोळी सपाट राहिली पाहिजे. सुटी बाजू खालीं आली तर गांठ झोळीकडे सरकवावी. वर राहिली तर टोंकाकडे न्यावी. फासा बोटाच्या मुळाशीं व गांठ बोटांच्या टोंकाशीं असते, म्हणून जमिनीवर दोन्ही दोऱ्या शेजारीं ठेवून मोजल्यास त्या सारख्या दिसणार नाहींत. जुळवणी हातांत धरूनच करावी व ज्याची गोफण त्यानेंच करावी. बापाच्या हाताला जुळविलेली गोफण मुलाच्या हातांत कलते.

सुरगांठ असतांना अर्ध्या जोरानेंच व पडीक रानांतच फेंकून पाहावें. जोराच्या फेंकींत तिचें मोकळें टोंक अंगठ्याखालीं सांपडलें तर फेऱ्याच्या मध्यावर ती उकलेल, आणि मग चिमटींत धरावयास गांठच राहणार नाहीं. दोन-तीन दिवसांत वीण बसली, जुळवणी पटली, म्हणजे त्याच जागीं निरगांठ मारून ती पाण्याचा हात न लावतां कोरडीच आवळावी. निरगांठीपुढें वीतभर वेणी उरली असेल तर ती उलगडून तिचा मोकळ्या वाखाचा गोंडा करावा. गोफण सोडतांना हा गोंडा आसुडाच्या टोंकासारखा फटकारतो व त्याचा कडाका होतो. पुष्कळदां गोळ्याहून या कडाक्यानेंच थवा उठतो. गोंडा झिजतो फार. तो झिजून गांठीशीं आला कीं नवा वाख वेणींत घालून वाढवावा.

विणण्यास सवड नसेल व घरांत तयार दोरी असेल, तर चामड्याची झोळी घालूनही काम होतें. जुन्या मोटेचें किंवा जोड्याचें मऊ चामडें सात इंच लांब व तीन इंच रुंद, दोन्ही टोंकांस निमुळतें कापावें. भोंक टोंकापासून निदान बोटभर आंत पाडावें आणि तें चाकूनें चिरूं नये, आरीनें टोंचून रुंद करावें; चिरलेलें भोंक ताणाखालीं फाटत जातें. दोरीची दुमड भोंकांतून काढून उरलेली सारी दोरी त्या दुमडीच्या डोळ्यांतून ओढून घ्यावी. ही अडकवण ताणाबरोबर घट्ट होते आणि झोळी बदलतांना लगेच निघते. तिच्याऐवजीं निरगांठ मारली तर झोळी फाटल्यावर दोरीही कापावी लागते. मात्र दोरी अशी दुहेरी न घेतां एकेरी ठेवावयाची असेल, तर येथेंही खालीं सांगितलेला न सरकणारा फासा घालावा.

तयार दोरीच्या बोटाच्या फाशासाठीं पुष्कळ जण सरकफास घालतात. त्यांचें म्हणणें असें कीं तो बोटावरून निसटत नाहीं. निसटत नाहीं हें खरें, पण तो प्रत्येक फेऱ्याला आवळतो. दोन घटकांत बोट काळेंनिळें होतें, आणि गोफण बाभळीच्या फांदींत किंवा माळ्याच्या खांबांत गुंतली तर बोट सोडवितां येत नाहीं. चार-दोन फेंकी करणाऱ्या हौशी माणसास सरकफास चालेल. सकाळभर राखण करणाऱ्यानें तो वापरूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याला न आवळणारा फासा पाहिजे, आणि तो असा घालतात: टोंकापासून वीतभर अंतरावर, टोंकाकडची दोरी मुख्य दोरीवरून आडवी टाकून एक लहान वेढा करावा. मग टोंक त्या वेढ्यांत खालून वर काढावें, मुख्य दोरीच्या पाठीमागून फिरवून घ्यावें, आणि पुन्हां त्याच वेढ्यांतून खालीं घालावें. मुख्य दोरी एका हातानें व टोंक आणि फाशाची बाजू दुसऱ्या हातानें धरून आवळावें. फासा जेवढा केला तेवढाच राहतो, कितीही ताणला तरी बोटावर मिटत नाहीं, आणि काम संपल्यावर गांठीची पाठ मोडली कीं सहज सुटतो. विहिरींत उतरणाऱ्या माणसाच्या कमरेलाही हाच फासा घालावा, सरकफास कधीं घालूं नये. ताठ नायलॉनमध्यें मात्र हा फासा ताण नसतांना हलून सैल होतो. तेथें उरलेलें टोंक फाशाच्या दोरीस सुतानें बांधून टाकावें.

दोरी मध्येंच तुटली तर काय? दोन टोंकें एकमेकांस गुंडाळून दोनदां निरगांठ मारण्याची आपली सवय आहे. दोन्ही दोऱ्या सारख्या जाडीच्या नसल्या कीं ती गांठ सरकते, आणि झटका बसला कीं उलटते. सोलापूर-इचलकरंजीकडच्या कोष्ट्यांस विचारावें. मागावर तुटलेलें सूत ते ज्या गांठीनें जोडतात ती येथें योग्य. जाड दोरीच्या टोंकाची दुमड करावी. बारीक दोरीचें टोंक त्या दुमडींत खालून वर काढून, दुमडीच्या दोन्ही दोऱ्यांच्या पाठीमागून फिरवून, स्वतःच्याच दोरीखालून ओढून घ्यावें. दोन्ही आंखूड टोंकें एकाच अंगास यावींत. तीं विरुद्ध अंगांस आलीं तर गांठ कमी धरते. जोडानें दोरी आंखूड होते, म्हणून सुटी गांठ सोडून जुळवणी पुन्हां करणें भाग आहे. सुट्या दोरीच्या हाताकडील वीतभर भागांत तर जोड मुळींच नसावा. तेथें तुटलें तर ती दोरी टाकून नवी घ्यावी. वाख काही इतका महाग नाहीं.

गोफणीची लांबी ज्याच्या त्याच्या उंचीवर आहे. दुहेरी धरलेली गोफण काखेपासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत भरावी, हें नवशिक्याचें माप. भूमध्य समुद्रांतील बालिआरिक बेटांचे गोफणकरी प्राचीन काळीं प्रसिद्ध होते. ते लांब, मध्यम व आंखूड अशा तीन गोफणी बाळगीत, कारण दूरच्या फेंकीस लांब दोरी व जवळच्या नेमास आंखूड दोरी बरी पडते. आपल्याला शेताच्या कोपऱ्यापर्यंत गोळा पोंचला कीं पुरे.

फेंकण्याविषयीं थोडेंच लिहितों. तें हातानेंच यावयाचें. एक किंवा दोन फेरे पुरेत. आठ-दहा गरगर फेऱ्यांनीं वेग वाढत नाहीं, खांदा मात्र भरून येतो. सोडतांना चिमटी नुसती सैल करावी, गांठ भिरकावूं नये. नवशिक्याच्या पुढें, मागें किंवा बाजूस तीस-चाळीस पावलांत कोणी नसावें, आणि माळ्यावर तर एका वेळीं एकानेंच गोफण फिरवावी. रस्ता, विजेच्या तारा, वस्ती यांच्या दिशेनें गोळा सोडूं नये.

गोळा मातीचा असावा, दगडाचा नको. चिकण मातींत थोडा भुसा व शेण मळून लिंबाएवढे गोळे करावेत व ते सावलींत वाळवावेत. उन्हांत वाळविले तर तडकतात. सारख्या आकाराचे गोळे सारखे जातात, नेम बसतो, आणि पडल्यावर ते फुटून मातीस मिळतात. दगड मात्र ताटांत अडकून कडब्याबरोबर घरीं येतो, आणि एक खडा कडबा-कुट्टीच्या यंत्रांत गेला तर पातीं मोडून साऱ्या हंगामाच्या गोफणींपेक्षां जास्त खर्च येतो.

गोळा थव्याच्या अंगावर नव्हे, थव्याच्या पलीकडे किंवा पुढें टाकावा. आपल्याला पांखरें उठवावयाचीं आहेत, मारावयाचीं नाहींत. मोर व पोपट यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षण आहे, व त्यांस इजा करणें हाही गुन्हा होतो. भोरड्यांविषयीं तर इतकें सांगण्याजोगें आहे कीं हिंवाळ्यांत ज्वारी खाणारीं हीं पांखरें टोळ व नाकतोडे यांचे मोठे शत्रू आहेत. कणसें भरण्याचे चार आठवडे तीं शेतांतून हुसकावीं. पुढें त्यांचें त्यांस करूं द्यावें.

हंगाम संपला म्हणजे सुट्या दोरीची गांठ सोडून ठेवावी, नाहींतर त्या जागीं वाखाला कायमचा बांक पडतो व पुढच्या वर्षीं दोरी तेथेंच तुटते. गोफण धुऊन, पूर्ण वाळवून, वेटोळें करून धुराच्या जागीं टांगावी. चामड्याची झोळी निराळी काढून तिला करंजेलाचा हात फिरवावा. नुसती ठेवल्यास उंदीर आधीं तीच खातात.